केबल डिस्क ब्रेकचं सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअरच्या एमटीबी (माउंटन बाइक) सायकलींना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आता सर्रास येतात, आणि सायकल घरी आणून महिना झाला की त्यांच्याबद्दलचे प्रश्नही येऊ लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात परत लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान ४ आणि ५ वाचा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

१. माझ्या सायकलला केबलचा डिस्क ब्रेक आहे की हायड्रॉलिक? बाहेरून कसं ओळखायचं?

कॅलिपरपाशी बघा. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला (धातूच्या चकतीला) दोन्ही बाजूंनी धरणारा ठोकळा. हँडलवरून येणारी नळी थेट ठोकळ्याच्या आत शिरत असेल तर ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. नळी अलीकडेच संपून तिच्यातून उघडी तार निघत असेल आणि ती एका छोट्या आर्मला बोल्टने आवळलेली असेल, तर केबलचा. लिव्हर दाबला की हा आर्म फिरताना डोळ्यांना दिसतो.

काही ब्रेक मधल्या जातीचे असतात. टीआरपी कंपनीच्या एचवाय/आरडी ब्रेकमध्ये कॅलिपरपर्यंत केबल येते आणि तेल फक्त कॅलिपरच्या पोटात असतं. तिथे पॅड (डिस्क आवळणारे तुकडे) झिजले की पुढे सरकवण्याचं काम तेल आपोआप करतं, त्यामुळे प्रश्न ४ ते ६ मधलं पॅडचं सेटिंग त्याला लागू नाही.

२. ब्रेक दाबला की बाहेरचाच पॅड हलतो, आतला जागचा हलत नाही. कॅलिपर खराब आहे का?

नाही, त्याची रचनाच तशी आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक केबल डिस्कमध्ये एकच पॅड हलतो, तो बाहेरचा. आतला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूचा पॅड स्थिर असतो. आर्मच्या मुळाशी उतरत्या खाचांमध्ये छर्रे बसवलेले असतात. आर्म फिरला की छर्रे खाचेचा चढ चढतात आणि बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ढकलतात. बाहेरचा पॅड डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो, आणि मग दोन्ही पॅड मिळून डिस्क आवळतात. म्हणजे प्रत्येक ब्रेकला डिस्क थोडीशी वाकते. दचकू नका, तेवढी लवचीक ती असतेच. पण आतला पॅड डिस्कपासून जितका लांब, तितकी ती जास्त वाकणार आणि तितकी तुमच्या बोटांची ताकद वाया जाणार. पुढचं सगळं सेटिंग या एका गोष्टीभोवती फिरतं.

टीआरपी स्पायरसारख्या काही महाग कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड हलतात. तुमच्याकडे तसा असेल तर प्रश्न १८ बघा.

३. घरी करायचं तर कोणती हत्यारं लागतील?

३, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, डिस्कच्या बोल्टसाठी टी२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची चावी), एक पक्कड, मोबाइलचा टॉर्च आणि एक पांढरा कागद. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं) आणि धुतलेलं सुती फडकं. पांढरा कागद कशाला, ते प्रश्न ५ मध्ये कळेल. सगळ्यात उपयोगी हत्यार तेच आहे.

४. ब्रेक सैल झाला की मी लिव्हरजवळची गोल नॉब फिरवून घट्ट करतो. पूर्वी लगेच फरक पडायचा, आता नॉब पूर्ण बाहेर आली तरी ब्रेक लागत नाही. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि दुकानातही बरेचदा हीच गल्लत होते.

ती नॉब, म्हणजे बॅरल अॅडजस्टर, फक्त केबलमधला ढिलेपणा काढते. पॅडशी तिचा थेट संबंध नाही. पॅड झिजल्यामुळे ब्रेक सैल झाला असेल आणि तुम्ही बॅरल फिरवत गेलात, तर केबल आर्मला ओढून धरते. लिव्हर मोकळा असतानाही आर्म थोडा फिरलेलाच राहतो. आर्मला फिरायला मिळणारी जागा ठरलेली आहे. त्यातली निम्मी तुम्ही आधीच खर्च केली, तर ब्रेक दाबल्यावर आर्म लवकरच शेवटाला जाऊन कॅलिपरच्या अंगाला टेकतो. अशा वेळी लिव्हर हाताला कडक लागतो, ब्रेक मस्त घट्ट आहे असं वाटतं, आणि सायकल मात्र थांबत नाही. सैल लिव्हरपेक्षा हा कडक लिव्हर जास्त धोक्याचा, कारण सैल लिव्हर निदान आधी कळतो.

दुसरा तोटा असा की, छर्रे खाचेच्या वेगळ्याच भागात काम करू लागतात आणि ब्रेकची धार बदलते.

म्हणून नियम: पॅड झिजले तर पॅड पुढे आणायचे, केबल सैल झाली तर केबल ओढायची. कशाने सैल झालंय ते ओळखायला सायकलशेजारी बसा आणि आर्म बोटाने मागे ढकला. तो थोडा मागे जात असेल आणि केबल लोंबत असेल, तर केबल सैल. आर्म मागे पूर्ण टेकलेला असून केबल ताठ असेल, आणि तरी लिव्हर हँडलपर्यंत येत असेल, तर पॅड झिजलेत.

बॅरल पूर्ण बाहेर काढून चालवण्यात आणखी एक धोका आहे. शेवटच्या दोन आट्यांवर ती लटकत असते. खड्ड्यात आदळली की वाकते किंवा मोडते.

५. मग अगदी पहिल्यापासून नीट सेटिंग करायचं तर क्रम काय?

क्रम महत्त्वाचा आहे: चाक, कॅलिपर, आतला पॅड, आणि सगळ्यात शेवटी केबल. दुकानात उलट करतात, आधी केबल ओढतात, म्हणून आठवड्यात सायकल परत येते.

चाक आधी. सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा, क्विक रिलीज (चाक धरून ठेवणारा धुरीवरचा खटका) सोडा, हँडलवर थोडा भार द्या म्हणजे धुरी खाचेत पूर्ण बसेल, आणि क्विक रिलीज आवळा. चाक तिरकं बसलं असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. त्यानंतर डिस्क अल्कोहोलने पुसा.

आता केबलचा बोल्ट सैल करून केबल मोकळी सोडा. बॅरल पूर्ण आत फिरवा आणि एक फेरा बाहेर काढा. आर्म आपोआप मागे टेकेल. टेकत नसेल तर आधी प्रश्न १४.

आतल्या पॅडची चावी चाकाच्या बाजूने, आऱ्यांमधून हात घालून फिरवावी लागते. काही कॅलिपरला तिथे ॲलनचं भोक असतं, ॲव्हिड बीबी७ सारख्यांना हाताने फिरवायची लाल नॉब असते. ती पूर्ण मागे नेऊन मग जेमतेम एक फेरा पुढे आणा, म्हणजे पुढे सूक्ष्म फरक करायला दोन्ही दिशांना वाव राहील.

कॅलिपरचे फ्रेमला धरणारे दोन बोल्ट इतकेच सैल करा की कॅलिपर हाताने डावी-उजवीकडे हलेल. आता अंगठ्याने आर्म पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. बाहेरचा पॅड डिस्कला आतल्या पॅडवर टेकवेल आणि कॅलिपर आपसूक डिस्कला समांतर होईल. त्याच अवस्थेत दोन्ही बोल्ट आळीपाळीने, पाव पाव फेऱ्याने आवळा. टॉर्क पाना असेल तर ६ ते ८ न्यूटन-मीटर ही बऱ्याच उत्पादकांनी दिलेली मर्यादा आहे.

आर्म सोडा. आतला पॅड आता डिस्कला चिकटलेला असेल. आतली चावी थोडी थोडी मागे घ्या, दर वेळी चाक फिरवून बघा. घासण्याचा आवाज बंद झाला की थांबा. मग कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा, टॉर्च त्यावर मारा, आणि अलीकडून एक डोळा मिटून कॅलिपरच्या फटीतून बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ दिसली पाहिजे: आतल्या बाजूला केसाएवढी, बाहेरच्या बाजूला तिच्याहून जाड. रेघ वरून खाली सारख्या जाडीची हवी. वर जाड आणि खाली बारीक दिसली तर कॅलिपर तिरका आवळला गेलाय, परत बोल्ट सैल करा.

शेवटी केबल. आर्म मागे टेकलेलाच ठेवून केबल पकडीने फक्त ताठ करा, ओढू नका, आणि बोल्ट आवळा. लिव्हर दहा-बारा वेळा जोरात दाबा. आउटरची, म्हणजे केबलवरच्या नळीची, टोकं आपापल्या टोप्यांमध्ये बसतात आणि केबल थोडी सैल होते. ती पुन्हा एकदा ताठ करा. उरलेला किरकोळ ढिलेपणा बॅरलने काढा. बॅरलचं खरं काम तेवढंच.

ब्रेक हातात चालवून पाहिल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. सायकल ढकलत पुढचा ब्रेक दाबा, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबला की मागचं चाक घसटत गेलं पाहिजे.

६. पॅड आणि डिस्कमध्ये नेमकं किती अंतर ठेवू? मिलिमीटरमध्ये सांगा.

प्रत्येक बाजूला साधारण ०.२ ते ०.४ मिमी. मोजायला काही नसेल तर व्हिजिटिंग कार्ड अंदाजे ०.३ मिमी जाडीचं असतं, ते वापरा. मात्र आतल्या पॅडचं अंतर कमीत कमी ठेवा, प्रश्न २ मध्ये कारण आलंय. डिस्कला थोडासा आउट (बाक) असेल तर ती घासू नये इतपतच ते वाढवा.

लिव्हर किती आत यावा, हे ज्याच्या त्याच्या हातावर आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडलच्या मुठीमध्ये दोन बोटांची जागा उरावी. सुरुवातीलाच लागणारा ब्रेक अनेकांना आवडतो, पण खडकाळ उतारावर लांब पसरलेल्या बोटांनी जोर लावता येत नाही. लहान हात असतील तर लिव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून लिव्हरच जवळ आणता येतो. त्याला रीच म्हणतात आणि त्याचा पॅडशी संबंध नाही.

७. कॅलिपरचा बोल्ट आवळताना शेवटच्या क्षणी कॅलिपर सरकतो आणि पुन्हा घासायला लागतो. काय करू?

बोल्टचं डोकं फिरताना वॉशरला आणि वॉशर कॅलिपरला सोबत घेऊन जातो. बोल्ट काढा, वॉशर आणि डोक्याखालची जागा पुसा, तिथे ग्रीसचा अगदी पुसट हात द्या, डिस्कपासून लांब. मग एक बोल्ट अर्धवट, दुसरा अर्धवट, असं करत जा. वॉशरवर जुन्या बोल्टने खड्डा पाडला असेल तर वॉशर उलटा घाला किंवा बदला. बोल्ट दर वेळी जुन्या खड्ड्यातच जाऊन बसतो आणि आपण मात्र हाताला दोष देत राहतो.

८. चाक फिरवलं की दर फेऱ्याला एकाच ठिकाणी "खस्स" असा आवाज येतो. पॅड मागे घ्यावेत का?

एकाच ठिकाणी येतो म्हणजे डिस्कला आउट आलाय. पॅड मागे घेणं हा पळवाटेचा उपाय, ब्रेक तेवढा कमकुवत होणार.

चाक हळू फिरवा, कागद-टॉर्च लावून बघा आणि डिस्क जिथे आत किंवा बाहेर झुकते तिथे बाहेरच्या कडेला मार्करने खूण करा. चाक थांबवा. स्वच्छ ॲडजस्टेबल पाना डिस्कवर चढवून उलट दिशेला अगदी हलका दाब द्या. सोडा, फिरवा, बघा. धीराने केलं तर पाच-सहा दाबांत काम होतं. एकदम जोर लावला तर एकाच्या दोन वाकड्या जागा होतात. खरोखर मोठा बाक असेल तर नवी डिस्क घ्या, १६० मिमीची साधी डिस्क फार महाग नसते.

फिरत्या डिस्कमध्ये बोट घालू नका. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण चाक हवेत फिरत असताना "कुठे घासतंय" हे बोटाने चाचपणारे लोक आहेत. डिस्कच्या भोकांमध्ये बोट अडकलं तर ते तुटू शकतं. आणि उतारावरून आल्या आल्या डिस्कला हात लावला तर चटका बसतो.

९. पंक्चर काढून चाक बसवलं तेव्हापासून घासतंय. आधी ठीक होतं.

ब्रेकला हात लावू नका. चाक नीट बसलेलं नाही. प्रश्न ५ मधली पहिली पायरी करा. क्विक रिलीज दर वेळी साधारण सारख्याच ताकदीने आवळायची सवय लावा. त्या आवळण्यानेही डिस्कची जागा सूक्ष्म बदलते.

त्याच वेळी एक तपासणी करा. पुढच्या चाकाचा क्विक रिलीजचा लिव्हर डिस्कच्या बाजूला असेल, तर तो पूर्ण उघडून फिरवा आणि डिस्कपर्यंत पोचतो का बघा. त्यांच्यामध्ये पेन्सिल जाईल इतकी, म्हणजे ६ मिमी तरी फट हवी. उघडा लिव्हर डिस्कमध्ये अडकून चाक जागीच थांबण्याच्या धोक्यामुळे ट्रेकने २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास १० लाख सायकलींसाठी रिकॉल जाहीर केला होता, आणि त्याच वर्षी इतर अनेक ब्रँडनीही. तुमचा लिव्हर पोचत असेल तर क्विक रिलीज बदला. आणि तो नेहमी पूर्ण मिटवूनच सायकल चालवा.

१०. ब्रेक दाबला की अख्खी गल्ली मागे वळून बघते, इतका किंचाळतो. ब्रेकही कमी लागतो. काय उपाय?

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर पॅडवर तेल गेलंय. चेनवर स्प्रेने तेल मारताना त्याचा फवारा मागच्या डिस्कवर जातो, गुन्हेगार नव्वद टक्के वेळा हाच. चेनला तेल थेंबाथेंबाने घाला, स्प्रे वापरू नका. फर्निचर पॉलिश किंवा डब्ल्यूडी-४० ने सायकल चमकवणाऱ्यांचीही हीच गत होते.

डिस्क अल्कोहोलने दोन-तीनदा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन पुसा. पॅड काढून बघा. पृष्ठभाग काळा आणि काचेसारखा चमकत असेल तर सपाट फरशीवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर पॅड गोल गोल घासा, चमक जाऊन करडा, खरखरीत रंग येईपर्यंत. मग प्रश्न १३ प्रमाणे पुन्हा बसवा. तेल वरवरचं असेल तर एवढ्याने भागतं. आतपर्यंत मुरलं असेल तर दोन दिवसांत आवाज परत येतो आणि मग नवे पॅड हाच उपाय. गॅसवर पॅड भाजायचे सल्ले फिरत असतात. पॅडचा थर पत्र्यावर चिकटवलेला असतो हे लक्षात घ्या आणि तो सल्ला सोडून द्या.

ब्रेक चांगला लागतोय पण फक्त आवाज येतोय, तर डिस्कचे आणि कॅलिपरचे बोल्ट घट्ट आहेत का बघा, मग कॅलिपर तिरका आहे का ते. पावसात भिजल्यावर पहिले काही ब्रेक किंचाळतात आणि मग शांत होतात, ते नैसर्गिक आहे.

११. सगळं सेटिंग बरोबर केलं तरी लिव्हर मऊ लागतो, दाबत गेलं की दबतच जातो. केबलच्या ब्रेकमध्ये हवा कुठून आली?

हवा नाही, आउटर दबतंय. लिव्हर दाबता तेव्हा आतली तार ताणली जाते आणि बाहेरचं आउटर आकसतं. मागच्या ब्रेकला आउटर लांब असल्याने तिथे हे जास्त जाणवतं. आउटरची टोकं तिरकी कापलेली असतील, टोप्या नसतील, किंवा कुठे तीव्र वळण असेल तर त्यात भर पडते. टोक काटकोनात कापून कानशीने सपाट करा, आतलं भोक सुईने गोल मोकळं करा. एवढ्या एका कामाने स्वस्त ब्रेकमध्ये पडणारा फरक नवीन लिव्हर घेऊनही पडत नाही.

खर्च करायचा असेल तर न आकसणारं, कम्प्रेशनलेस ब्रेक आउटर मिळतं, ते घाला. पण एक गल्लत जीवावर बेतू शकते: गिअरचं साधं आउटर ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेकचं साधं आउटर ५ मिमी जाड असतं आणि त्यात चपटी तार गुंडाळलेली असते. गिअरचं ४ मिमीचं असतं आणि त्यात तारा लांबीच्या दिशेने नुसत्या बाजूबाजूला असतात. जोराच्या ब्रेकला त्या फाकून बाहेर येतात. घट्ट लागतं म्हणून कुणी ते लावून दिलं असेल तर आजच बदला. आतली तारही ब्रेकचीच हवी, साधारण १.५ ते १.६ मिमीची. गिअरची तार १.१ ते १.२ मिमीची असते.

१२. पॅड कधी बदलायचे? आणि ऑर्गेनिक घ्यायचे की मेटलचे?

पत्रा सोडून नुसता थर १ मिमीच्या खाली गेला की बदला. शिमानोची शेवटची मर्यादा ०.५ मिमी आहे, पण पावसाळ्यात १ मिमीचं ०.५ व्हायला एक चिखलाची राइड पुरते. दोन्ही पॅड सारखे झिजत नाहीत, म्हणून दोन्ही बघा. डिस्कही झिजते: बहुतेक नव्या डिस्क १.८ मिमीच्या असतात आणि शिमानोच्या डिस्कवर १.५ मिमीची किमान जाडी कोरलेली असते.

रेझिन म्हणजे ऑर्गेनिक पॅड शांत असतात, पहिल्यापासून पकडतात, पण ओल्या चिखलात भराभर संपतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड टिकतात आणि उष्णता सोसतात, पण आवाज करतात आणि गार असताना थोडे सुस्त असतात. माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर सिंटर्ड आणि उरलेलं वर्ष रेझिन. मात्र आधी डिस्क वाचा. स्वस्त डिस्कवर "फक्त रेझिन पॅड" अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते. तिच्यावर सिंटर्ड लावले तर मऊ डिस्क खरवडली जाते.

आकार जुळवूनच घ्या. ॲव्हिडच्या बीबी५ आणि बीबी७ चे पॅडसुद्धा एकमेकांना बसत नाहीत. जुना पॅड खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात सोपं.

१३. नवे पॅड घातले आणि ब्रेक आधीपेक्षाही कमी लागतोय! पैसे वाया गेले का?

नाही, पॅड अजून बसलेले नाहीत. पॅडच्या थराचा अगदी पातळ लेप डिस्कवर चढल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. रिकाम्या सपाट रस्त्यावर मध्यम वेग घ्या, दमदार ब्रेक लावून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण चाक लॉक करू नका आणि पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा, मग जास्त वेगाने दहा वेळा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा करा. त्यानंतर आतल्या पॅडचं सेटिंग एकदा पुन्हा बघा. जाड नवे पॅड बसवण्याआधी आतली चावी मागे घ्यायची आणि बॅरल आत फिरवायची असते, नाहीतर चाक आतच जात नाही.

१४. लिव्हर सोडला तरी ब्रेक धरूनच राहतो. हाताने आर्म मागे ढकलावा लागतो.

केबल सोडवा आणि नुसता आर्म हलवून बघा. तो पटकन मागे येत असेल तर दोष केबलमध्ये: गंज किंवा आत गेलेली माती. तार आणि आउटर दोन्ही बदला. गंजलेल्या आउटरमध्ये नवी तार घालून फार दिवस भागत नाही. केबल काढूनही आर्म अडखळत असेल तर आर्मच्या मुळाशी माती बसली आहे किंवा स्प्रिंग निसटली आहे. पॅड काढून, बाहेरून ब्रशने साफ करून, मुळाशी एक थेंब तेल द्या आणि ओघळ पुसा. कॅलिपर उघडायच्या भानगडीत पडू नका. छर्रे टेबलाखाली गेले की संध्याकाळ गेली.

१५. कोकणात राहतो. चार महिने पावसात ब्रेकची वाट लागते. काही वेगळं करावं लागतं का?

हो. लाल मातीचा बारीक चिखल पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसून पॉलिश पेपरसारखं काम करतो, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने तारा गंजतात. स्टेनलेसची तार आणि लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत सलग आउटर, मध्ये कुठेही उघडी तार नाही, ही जोडी घाला. कॅलिपरपाशी आउटर वरून थेट खाली येत असेल तर पाणी तिथेच उतरतं. थोडं जास्त आउटर ठेवून त्याला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळातून टपकेल. राइडनंतर साध्या पाण्याने डिस्क धुवा, प्रेशर वॉशर कॅलिपरवर मारू नका. आणि दर राइडआधी आर्म, केबल, थर एवढं बघा.

१६. सिंहगड उतरताना वर ब्रेक ठीक असतो, खाली येईपर्यंत लिव्हर हँडलला टेकतो. पॅड अजून आहेत. मग?

केबलच्या ब्रेकमध्ये झीज आपोआप भरून निघत नाही. हायड्रॉलिकमध्ये पिस्टन थोडा पुढे सरकून राहतो, इथे तुम्हालाच करावं लागतं. लांब उतारावर पॅड तापतात, वेगाने झिजतात, आणि पावसात तर दिसतील इतके. बाहेर पडण्याआधी आतला पॅड जवळ आणा. उतारावर ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. वळणाआधी दमदार लावा आणि सोडा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. लिव्हर मध्येच खोल जायला लागला तर थांबा, डिस्क निवू द्या आणि आतली चावी थोडी पुढे घ्या. त्यासाठी लागणारी ॲलन की खिशात असू द्या. रस्त्यात एवढ्यापुरता बॅरलचा अर्धा-एक फेराही चालेल, पण घरी आल्यावर तो परत घ्या आणि पॅडने भरून काढा.

जड माणूस किंवा सामान असेल तर पुढे १८० मिमीची डिस्क उपयोगी पडते. अडॅप्टर लागतो, आणि फोर्कच्या कंपनीने तेवढ्या डिस्कला परवानगी दिलीय का ते आधी बघायचं.

१७. लिव्हर बदलले आणि सगळंच बिघडलं. लिव्हर कुठलेही चालत नाहीत का?

नाही. एमटीबीचे केबल डिस्क व्ही-ब्रेकच्या (रिमला धरणाऱ्या ब्रेकच्या) लिव्हरवर चालतात, जे दाबल्यावर जास्त केबल ओढतात. रोड सायकलचे नेहमीचे आणि जुन्या कँटिलिव्हर ब्रेकचे लिव्हर कमी ओढतात. ते लावले तर लिव्हर मऊ लागतो आणि हँडलला टेकेपर्यंत पॅड पुरेसे पुढे येत नाहीत. म्हणून बीबी७ रोड आणि एमटीबी असे वेगळे मिळतात. काही लिव्हरमध्ये ही ओढ बदलायची सोय असते. तिथे "व्ही" हे स्थान निवडा.

१८. दोन्ही पॅड हलणाऱ्या कॅलिपरला वर सांगितलेलंच करायचं का?

बरंचसं तेच, फरक एवढाच की डिस्क मधोमध हवी. दोन्ही बाजूंच्या चाव्या सारख्याच फिरवून पॅड टेकवा, बोल्ट आवळा, मग दोन्ही सारख्याच मागे घ्या. पांढऱ्या रेघा इथे सारख्या जाडीच्या दिसायला हव्यात. पॅड झिजले की एकच चावी फिरवायचा मोह टाळा.

१९. अमेरिकेतून भाऊ सायकल घेऊन आला. तिचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. बदलून घ्यावा का?

घ्या. तिकडे डावा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडे साधारणपणे उजवा, आणि आपल्या मोटारसायकलींचाही उजवाच. घाबरून दाबलेला हात विचार करत नाही. केबलच्या ब्रेकमध्ये हे काम सोपं: दोन्ही तारा सोडवून अदलाबदल करायची. आउटरची लांबी मात्र तपासा. हँडल पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाता कामा नये. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

२०. सायकल उलटी ठेवून सेटिंग केलं तर चालतं का? कुणी म्हणतं चालत नाही.

उलटं ठेवू नका हा सल्ला हायड्रॉलिकसाठी आहे, तेलातली हवा नको तिथे जाते म्हणून. केबलला तशी अडचण नाही. फक्त चाक मात्र सायकल सरळ उभी असतानाच बसवा.

२१. एसटीने किंवा रेल्वेने नेताना चाकं काढतो. पोचल्यावर दर वेळी ब्रेक घासतो.

ब्रेक नाही, डिस्क वाकते. चाकं सामानाखाली डिस्क खाली करून ठेवली जातात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे गोल कापून बांधा आणि डिस्कची बाजू वर ठेवा. लांबचा प्रवास असेल तर टी२५ ने डिस्क काढून वह्यांच्या मध्ये ठेवलेली बरी. बोल्ट परत लावताना गोलाने एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तरी केबल ब्रेकमध्ये काही बिघडत नाही, सोडला की पॅड परत जातात. फ्रेमच्या आणि फोर्कच्या टोकांमध्ये मात्र लाकडाचा तुकडा किंवा प्लास्टिकचा स्पेसर अडकवा. ती दबली तर चाक बसवताना धुरीच आत जात नाही.